पंचाक्षरीनं सांगितलेला मद्रासी सिनेमा

नळदुर्गात पंचाक्षरीइतका बोलणारा माणूस नव्हता आणि त्याच्या थोरल्या भावाइतका गप्प बसणारा नव्हता. गंमत अशी, की गाव मान द्यायचं ते गप्प बसणाऱ्याला. शरणबसप्पा तोंड मिटून बसला की लोक म्हणायचे, बघा, कसा विचार करतोय. पंचाक्षरी चार वाक्यं बोलला की म्हणायचे, झाली वटवट सुरू. पंचाक्षरीचं सगळं दुखणं इथून निघायचं आणि गावभर हिंडून पुन्हा इथंच येऊन बसायचं.

दुकान दोघांचं होतं. हैदराबाद रस्त्यावर नाक्याला वडिलांनी घातलेलं किराणा दुकान. थोरला गादीवर आणि धाकटा तराजूपाशी, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण चौदा वर्षं ते तसंच चाललं होतं. गिऱ्हाईक आलं की पंचाक्षरी गूळ तोलायचा, पुडी बांधता बांधता हसवायचा, दुखल्याखुपल्याची चौकशी करायचा. आणि जाताना गिऱ्हाईक हात जोडायचं ते गादीकडं बघून. रस्त्यावर ट्रक थांबवून काडेपेटी घ्यायला येणारे सरदारजीसुद्धा दोन खेपांत शिकले, "अण्णाजी, राम राम." त्यांना हे कोण शिकवून ठेवतं, ते पंचाक्षरीला कधी कळलं नाही. ग्रामपंचायत झाली, अण्णा पंच झाला. शाळेत झेंडा लावायचा, बोलवा अण्णाला. कुणाची म्हैस अडली तरी अण्णा! अण्णाला म्हशीतलं काय कळतं, हे विचारायची सोय नव्हती.

त्यात आई. इरम्मा भिंतीपलीकडं थोरल्याच्या चुलीवर जेवायची. सकाळी पूजा झाली की ती विभूतीत बोटं बुडवून आधी अण्णाच्या कपाळावर ओढायची आणि मग, बोटांवर जे काही राहिलं असेल ते, पंचाक्षरीच्या. पंचाक्षरीला तेव्हा चौतिसावं चालू होतं. या वयाच्या बाप्यानं आईच्या बोटावरची राख बघून जळावं, हे सांगायलासुद्धा लाज वाटावी असं आहे. पण जळायचा तो. बायकोजवळ बोलायचाही. चन्नम्मा म्हणायची, "आवो, थोरल्याला आदी लावत्यात, जगाची रीत हाय." रीत असेल, पण जगातले सगळे थोरले भाऊ काय आपल्याच घरात येऊन बसलेले नाहीत, असं त्याचं म्हणणं.

पण हे सगळं वरवरचं झालं. खाली एक जुनी गाठ होती आणि ती कुणाला ठाऊक नाही असं नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत, अठ्ठेचाळीस साली, विशीतला पंचाक्षरी सोलापूरला, निजामाच्या हद्दीपलीकडं पळून गेला होता. गावातली बरीच तरणी पोरं गेली होती. तो तिकडं असताना वडील आजारी पडले, चार दिवस अंथरुणावर होते आणि गेले. पंचाक्षरीला कळलं ते नवव्या दिवशी. बापाला मूठभर माती द्यायची, तीही हातून झाली नाही. अण्णा एवढंच म्हणाला, "वाट बंद हुती. निरोप जाईना." पंचाक्षरीनं ते मानलं असतं, पण पुढं सहा महिन्यांनी रामकिसन तेली बोलता बोलता म्हणून गेला, की अप्पा आजारी होते त्याच आठवड्यात तो बायकोपोरांना गाडीत घालून आडवाटेनं सोलापूरला सोडून आला होता. म्हणजे वाट बंद नव्हती. मग बंद काय होतं? पंचाक्षरीनं हा प्रश्न अण्णाला कधी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं आणि मग जळायला काय उरलं असतं?

तर असा हा पंचाक्षरी. देवानं त्याला एक जागा मात्र अशी दिली होती, की जिथं अण्णा नव्हता.

मैलारपूरच्या खंडोबाच्या यात्रेला तेरखेड्याचा उत्तरेश्वर आपला सिनेमाचा तंबू घेऊन यायचा. घरचा धंदा फटाक्यांचा. पण याला दारूच्या वासानं डोकं दुखायचं, म्हणून यानं सिनेमा धरला. यात्रा उठली तरी किल्ल्याखालच्या मैदानात त्याचा तंबू महिना दीड महिना उठायचा नाही. सोलापुराहून तो स्वस्तात कानडी सिनेमे आणायचा. अर्ध्या गावाला कानडी यायचं, अर्ध्याला यायचं नाही. म्हणून पडद्याच्या कडेला स्टुलावर एक माणूस पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राहायचा आणि पडद्यावर जे बोलणं चाललं असेल ते मराठीत सांगायचा. तो माणूस पंचाक्षरी. गाव त्याला सांग्या म्हणायचं.

आणि काय सांगायचा! पडद्यावरची आई एक हुंदका द्यायची, तिथं हा तीन द्यायचा. खलनायकाला हा असा आवाज लावायचा, की पुढं जमिनीवर बसलेली म्हातारी माणसं शिव्या घालायची. कानडी येणारेसुद्धा म्हणायचे, सिनेमा समजतो हो, पण सांग्या नसला तर अळणी लागतो. त्या स्टुलावर उभा असताना पंचाक्षरीला आपण कुणाचे धाकटे आहोत याची आठवण राहायची नाही. अण्णा कधी तंबूत आला नव्हता. त्याला सिनेमाचं वावडं होतं, की पंचाक्षरीचं, कोण जाणे.

त्या माघात एका गुरुवारी सिनेमाच्या रिळांची पेटी आली ती दुपार टळल्यावर. पंचाक्षरी सकाळपासून स्टँडवर तिचीच वाट बघत बसला होता. उत्तरेश्वरनं पेटीवरचा कागद बघून कपाळाला हात लावला. "कानडी न्हाय धाडला रं. मद्रासी हाय, तमिळ. घरच्या भांडनाचा, सूड बिड. लई चालला म्हनं तिकडं. तुला येतंय ना?"

आता इथं एखादा सरळ माणूस म्हणाला असता, नाही येत. पण आमच्या भागात सोलापूरच्या खाली जे काही बोलतात ते सगळं एकच, अशी समजूत. ज्याला कानडी येतं त्याला सगळंच येणार. पंचाक्षरीला तमिळ येत नव्हतं. दहा शब्दांतला एखादा ओळखीचा वाटायचा, तोही दुरून. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तो म्हणाला, "येतंय की. त्यात काय हाय?" आधी बघून घ्यायलाही वेळ नव्हता. दिवेलागणीला खेळ लागायचा होता.

घरी येऊन बघतो तर चूल थंड. चन्नम्मा भिंतीपलीकडं. तिकडून तुपात काहीतरी तळल्याचा वास. त्यानं हाक मारली तशी ती पिठाच्या हातांनी आली आणि म्हणाली, "मुरूमचे पावनं आल्यात. नीलव्वाला बगायला. पसंत हाय म्हनत्यात, उद्या सकाळी जाताना शबुद द्यायचा हाय."

नीलव्वा ही अण्णाची एकुलती एक लेक. पंचाक्षरीला मूलबाळ नव्हतं. त्या पोरीला त्यानंच खांद्यावर घेऊन यात्रेत हिंडवलं होतं, अंक शिकवले होते. 'चिक्कप्पा, चिक्कप्पा', म्हणजे काका, काका करत ती त्याच्या मागं असायची. आणि तिला बघायला पाहुणे आले आणि चिक्कप्पाला पत्ता नाही!

"मला कुणी बोलावलं?" तो म्हणाला.

"तुमी सकाळच्यापारी पेटीसाटी गेलाव. भावजींनी दोनदा माणूस धाडला दुकानावर."

"दुकानावर धाडला. स्टँडवर धाडाया काय पाय मोडलं हुतं?"

चन्नम्मानं नुसतं बघितलं आणि ती पुन्हा पुऱ्या लाटायला गेली. पंचाक्षरी न जेवता तंबूकडं निघाला. सबंध वाटभर त्याच्या डोक्यात एकच. लेक त्याची, पाहुणे त्याचे, आई त्याची, बाप मरताना बापसुद्धा त्याचाच.

तंबू भरला होता. पुरुष एकीकडं, मधल्या कापडाच्या पडद्यापलीकडं बायका, मागं सहा खुर्च्या. बत्ती विझायच्या आधी पंचाक्षरीनं स्टुलावरून बघितलं आणि त्याचा हात भोंग्यावर तसाच राहिला. अण्णा येत होता. इस्त्रीची टोपी, अंगावर उपरणं, बरोबर मुरूमचे म्हातारे रेवणसिद्धप्पा आणि त्यांचा पुतण्या. अण्णानं त्यांना खुर्च्यांवर बसवलं, स्वतः कडेच्या खुर्चीवर बसला. बायकांच्या बाजूला अण्णाची बायको लक्ष्मम्मा वैनी, चन्नम्मा, इरम्मा आणि मान खाली घातलेली नीलव्वा. सगळं घर.

म्हणजे इथंही. एवढी एक जागा होती, तिथंही हा गादी घालून बसायला आला. पाहुण्यांना गावातला थाट दाखवायला, भाऊ स्टुलावर उभा करून. पंचाक्षरीच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की पहिली पाच मिनिटं पडद्यावर काय चाललंय ते त्यालाच दिसलं नाही.

दिसायला लागलं तेव्हा बरं दिसलं. एक मोठी सूतगिरणी, तिचा म्हातारा मालक, त्याचे दोन मुलगे. थोरला जाड मिशांचा, कमी बोलणारा. धाकटा कुरळ्या केसांचा, गाणारा. आई. भाषा कळत नसली तरी चुली घरोघरी मातीच्याच. पंचाक्षरी चित्र बघून जुळवत गेला आणि ते जुळतही गेलं. लोक हसले, हळहळले. गिरणीला आग लागली, म्हातारा होरपळला, त्याला खाटेवर आणून ठेवला. धाकटा कुठं परगावी गेलेला. आणि मग ते चित्र आलं. थोरला एकटाच खोलीत, हातात एक पत्र. तो ते वाचतो, दाराकडं बघतो, आणि पत्र चुलीत घालतो.

पत्र जळत होतं, तेवढा वेळ पंचाक्षरी गप्प होता. लोकांना वाटलं, श्वास घेतोय. मग भोंग्यातून आवाज आला.

"मंडळी, हे पत्र धाकट्याला बोलावणं होतं. बाप म्हणाला होता, माझ्या धाकट्याला बोलवा, मला त्याचं तोंड बघू द्या. पण थोरल्यानं ते धाडलं नाही. का? तर बापाच्या शेवटच्या घटकेला तिजोरीची किल्ली एकट्याच्या हातात पडावी म्हणून!"

बाहेरच्या गावाला ती सिनेमाची गोष्ट होती, नळदुर्गाला नव्हती.

तेवढ्यात रीळ संपलं. उत्तरेश्वरचं यंत्र एकच. रीळ बदलायचं तर बत्ती लावून दहा मिनिटं थांबायला लागायचं. बत्ती लागली आणि जमिनीवर बसलेल्या माणसांच्या माना एकेक करून खुर्च्यांकडं वळल्या. अण्णा आपल्या पायांकडं बघत होता. मग तो उठला. पुढं येणार, मुस्काटात मारणार, असं पंचाक्षरीला वाटलं. खरं सांगायचं तर त्यानं मारावं असंच वाटलं. अण्णानं दाराशी ठेवलेल्या माठातून तांब्या भरला, माणसांतून वाट काढत स्टुलापाशी आला आणि म्हणाला, "घसा बसलाय तुजा. पी."

सगळ्या गावासमोर. बघा, किती मोठ्या मनाचा. पंचाक्षरीनं तांब्या घेतला आणि तोंडाला न लावता खाली ठेवला. अण्णा परत गेला.

पुढच्या दोन रिळांत पंचाक्षरीनं जे सांगितलं त्याला उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. पडद्यावरचे लोक काय बोलत होते देव जाणे. धाकटा परत आला, बापाच्या तसबिरीसमोर रडला, त्यानं शपथ घेतली, सुरी विकत घेतली, एवढं तर दिसतच होतं. मधलं सगळं पंचाक्षरीनं आपल्या पोटातून काढलं. "थोरला म्हणतो, वाट बंद होती, निरोप जाईना! आणि मंडळी, त्याच आठवड्यात त्याच गावातला एक माणूस गाडी जुंपून त्याच वाटेनं गेला होता!" रामकिसन तेली पुढच्याच रांगेत होता. पडद्याच्या उजेडात लोक त्याच्याकडं बघू लागले तसा तो उपरण्यात तोंड खुपसून बसला. बायकांच्या बाजूला गलबला झाला. इरम्मा उठली, लुगडं सावरत, कुणाचा हात न धरता तंबूबाहेर निघून गेली. गेली, थोरल्यासाठी गेली! पंचाक्षरीनं भोंगा आणखी घट्ट धरला. जेवण नव्हतं, पाणी नव्हतं, पण चौदा वर्षांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पुन्हा बत्ती लागली तेव्हा रेवणसिद्धप्पा शेजारच्या माणसाशी काहीतरी हळू बोलत होते. तो माणूस उत्तर द्यायला तयार नव्हता. पण न देणंही उत्तरच असतं. म्हाताऱ्यानं एकदा अण्णाकडं बघितलं, एकदा स्टुलाकडं, आणि पायाशी ठेवलेली काठी हातात घेतली. बायकांच्या बाजूला नीलव्वानं मान वर केली होती. ती पडद्याकडं बघत नव्हती, बापाकडंही नाही. आपल्या चिक्कप्पाकडं बघत होती. तिच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं कळत नव्हतं, आपण याचं काय केलं.

तेव्हा कुठं पंचाक्षरीच्या ध्यानात आलं, की भावाचं घर पेटवलं खरं, पण आत ही बसलेली आहे. अशी जुळता जुळता मोडलेल्या सोयरिकीची बोंब तालुक्यात पसरायला चार दिवस पुरतात, आणि मग पोरीला घरात ठेवून बापाचे केस पिकतात. पण आता काय करणार? गोष्ट त्याच्या हातात राहिली नव्हती. शेवटचं रीळ यंत्रावर चढलं होतं.

आणि त्या रिळानं त्याला सगळ्यांसमोर उघडा केला. धाकटा सुरी घेऊन थोरल्याच्या छातीवर बसलेला. आई धावत येते, पेटीतून अर्धवट जळालेला कागद काढते, धाकट्याच्या डोळ्यांसमोर धरते. मग मागचं चित्र पुन्हा आलं, तेच पत्र, तीच चूल. पण या वेळी ते पत्र कुणी लिहिलं तेही दाखवलं. दारूच्या धुंदीत धाकटाच लिहीत होता, बापाच्या वैऱ्याला, गिरणीच्या कुठल्या बाजूनं आग लावायची त्याची आकृती काढून. ते थोरल्याच्या हाती लागलं होतं. धाकटा फासावर जाऊ नये म्हणून त्यानं ते जाळलं होतं आणि वर्षानुवर्षं तोंड मिटून सगळं सोसलं होतं. धाकट्यानं आपलं अक्षर ओळखलं, सुरी खाली पडली, तो थोरल्याच्या पायांवर कोसळला.

हे कळायला तमिळही लागत नव्हतं आणि सांग्याही. शेंबड्या पोराला कळलं असतं. भोंगा गप्प होता. "अरं सांग की!" मागून कुणी ओरडलं. "सांग की रं, आता का दातखीळ बसली?"

खुर्चीवरून रेवणसिद्धप्पा उठून उभे राहिले होते. जातायत की बघतायत, अंधारात कळत नव्हतं.

पंचाक्षरीनं भोंगा खाली ठेवला आणि उघड्या तोंडानं, जेवढा आवाज होता तेवढा काढून तो बोलला, "मंडळी, मला ही भाषा येत न्हाय. एक शबुद येत न्हाय. म्या माज्या मनचं सांगितलं. थोरल्यानं काई केलं न्हाय. त्यानं धाकट्याला वाचवलं. धाकट्याच्याच पोटात जळत हुतं, म्हनून त्याला समदं उलटं दिसलं. मला बी उलटंच दिसलं."

मग पुढचा कुणीतरी खो खो हसला आणि सगळा तंबू हसत सुटला. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, "सांग्या फसला, सांग्या फसला!" उत्तरेश्वर यंत्रामागून आई-बापावरून शिव्या देत होता. हसणं चाललेलं असताना पंचाक्षरी स्टुलावरून उतरला. त्या स्टुलावर पुन्हा चढायची सोय त्यानं आपल्या हातानं घालवली होती. रेवणसिद्धप्पाही हसत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. "काय भाद्दर मानूस हाय हो तुमचा भाऊ," ते अण्णाला म्हणाले. "भाषा न येता दोन घंटे बोलला! सकाळपास्न तुमी म्हनत हुता, सांजच्याला आमच्या पंचाक्षरीला ऐका, असं कुनाला बोलता येत न्हाय. खोटं न्हाय सांगितलं."

पंचाक्षरीनं ते ऐकलं. तंबूच्या दोराला धरून तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी शब्द दिला, नीलव्वाच्या ओटीत नारळ पडला. मुरूमची मोटार आली, पाहुण्यांना बसवून देऊन दोघं भाऊ नाक्यावर आले आणि अण्णानं दुकानाच्या फळ्या काढल्या. पंचाक्षरी तराजू पुसायला बसला. सकाळपासून तो माफीचं वाक्य जुळवत होता. ज्याला पाचशे माणसांसमोर बोलायला काही वाटत नाही, त्याला एका माणसापुढं ते जुळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "अण्णा, काल म्या लई वंगाळ केलं."

अण्णा गादीवर बसला नाही. तराजूपाशी, गुळाच्या ढेपेवर बसला.

"खरं सांगितलंस तू," तो म्हणाला.

"शेवटाला सांगितलं. आदी समदं..."

"आदीचं खरं. शेवटाचं खोटं." अण्णा रस्त्याकडं बघत बोलत होता, इतकं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून मधेमधे थांबत होता. "वाट बंद नव्हती. रामकिसनाची गाडी आपल्याच दारावरनं गेली. म्या तिला आडवा गेलो, हात केला. त्यानं बैल थांबवलं. 'काय अण्णा?' म्हनला. म्या म्हनलं, 'काई न्हाय. नीट जा.' आनि आत आलो."

चौदा वर्षं ज्या गोष्टीवर तो जगला ती खरी निघाली होती, आणि आता तिचं काय करायचं ते त्याला सुचेना. "का?" एवढंच त्याच्या तोंडून आलं.

"किल्लीसाटी न्हाय. किल्ली हुतीच माज्याकडं." अण्णानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार दिस अप्पा तुजं नाव घेत हुते. डोळा उगडला की पंच्या. म्या मुतीचं भांडं धरलं की पंच्या आला का. त्यांच्या तोंडात पानी घातलं, तर माज्या तोंडाकडं बगून म्हनत्यात, पंच्या, आलास? मला वाटलं, ह्यो आला म्हंजी मी दिसनारच न्हाय. एक डाव तरी त्यांनी माज्याकडं बगून माजंच नाव घ्यावं. मग धाडीन. एवढंच वाटलं. तेवढ्यात ते गेले."

"अव्वाला ठावं हुतं?"

"हुतं. काल उठून गेली ती त्येच्यामुळंच. तिला वाटलं, म्याच तुला सांगितलं. म्या घरी गेल्यावर म्हनली, बरं झालं, एकदाचं सांगितलंस." मग तो म्हणाला, "काल समद्या गावापुढं तू माज्यासाटी खोटा झालास. ते मला पचायचं न्हाय. नीलव्वाचं लगीन झालं की सांग समद्यांना. म्या बसंन पुढं खुर्ची टाकून."

पंचाक्षरीला राग यायला हवा होता. तो यावा म्हणून त्यानं क्षणभर वाटही बघितली. पण आला तो आनंद, आणि इतका उघडा, इतका लहान पोरासारखा, की त्याची त्यालाच शरम वाटली. चार दिवस बाप त्याचं नाव घेत होता. अण्णाचं नाही, त्याचं! सगळ्या जन्मात एवढी एक गोष्ट त्याच्या वाट्याला भावापेक्षा जास्त आली होती आणि ती त्याला आज, गुळाच्या माशा उडवताना कळली होती.

"कसं म्हनायचे?" त्यानं विचारलं. "म्हंजी... हाक कशी मारायचे?"

अण्णानं त्याच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि, ज्या माणसाला कधी कुणाची नक्कल करताना गावानं बघितलं नव्हतं, त्यानं बापाच्या फाटक्या, खोल गेलेल्या आवाजात, शेवटचा स्वर जरा लांबवून हाक मारली, "पंच्याऽ." हुबेहूब. चौदा वर्षं हा आवाज याच्या कानात होता आणि यानं तो कुणाला ऐकू दिला नव्हता. त्याच्याशी एकटाच गादीवर बसून राहिला होता.

बाहेर एक ट्रक थांबला. क्लीनर खाली उतरून विडीच्या बंडलासाठी हाका मारू लागला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"पुन्ना म्हना," पंचाक्षरी म्हणाला.

अण्णानं पुन्हा म्हटलं.

पंचाक्षरी फडक्यानं तोंड पुसत राहिला. बऱ्याच वेळानं त्याला विचारायचं सुचलं, आणि सुचल्यावर विचारवेना. तरी त्यानं विचारलं.

"आनि तुमचं? तुमचं नाव न्हाय घेतलं एकदा बी?"

"माजं कशाला घेतील?" अण्णा म्हणाला. "म्या तितंच हुतो की."